दोरी कठड्याला बांधली तेव्हा

"मिठागरातली पोरगी. खुर्ची दिली, आता डोकं कुठून आणून देऊ?"

साहेब हे माझ्यासमोर बोलले. रोह्याच्या कारखान्यातली मीटिंग. टेबलाभोवती कारखान्याचे अधिकारी, आमचे ठेकेदार साहेब, आणि भिंतीपाशी उभी मी. खुर्च्या रिकाम्या होत्या. बस म्हणालं नाही कोणी. एकजण हसला. दुसऱ्यानं चहाचा कप पुढे ओढला.

हा अपमान आहे हे आधी कळलंच नाही. वाटलं, बरोबरच बोलतायत. आदल्या दिवशी माझ्या चुकीमुळे एक माणूस मरणाच्या दारात जाऊन पोचला होता.

आईबाप धरमतरच्या खाडीवर मीठ ओढायचे. मी डिप्लोमा केला, सेफ्टीचा कोर्स केला, पेणच्या या ठेकेदाराकडे सुपरवायझर म्हणून लागले. कामावर कुणाला इजा होऊ नये, हे बघायची नोकरी. आधी रोह्याचं एकच काम होतं. मग जेट्टीवरचं क्रेनचं आलं, तेही माझ्याकडे. मग वडखळला पुलाचं. नवीन माणूस घेतलाच नाही. रोह्यात उभी असले की डोक्यात क्रेन. क्रेनखाली उभी असले की डोक्यात पूल. रस्त्यात स्कूटर थांबवून फोन. पुरती कुठेच नव्हते. साहेब चारचौघांत म्हणायचे, "आमची अष्टभुजा." मला आवडायचं. आज लाज वाटते, पण आवडायचं. आईला घरी जाऊन सांगितलं होतं.

नामदेवदादाला मीच कामाला लावला. आमच्याच आळीतला, मिठागरातलाच. तेव्हा वहिनी, त्याची बायको, म्हणाली होती, "तू हायस ना गो तिथं, मंग मला घोर नाय."

मीटिंगच्या आदल्या दिवशी तो रोह्याच्या कारखान्यातल्या टाकीत उतरला. तळाचा गाळ काढायचा होता. गाळ ढवळला की विषारी वाफ सुटते, तोंडावरचा मास्कही कधी पुरत नाही, म्हणून आतल्या माणसाच्या कमरेला दोरी असते आणि दोरीचं दुसरं टोक धरून एकजण टाकीच्या तोंडाशी उभा राहतो. त्यानं हाका मारत राहायचं. हलायचं नाही. आमचा दोरीवाला साहेबांनी सकाळीच जेट्टीवर पाठवला होता. म्हणून दोरी मी धरली.

गेटवरचा वॉचमन धावत आला. "मॅडम, तुमचे साहेब फोनवर हायत. लय अर्जंट हाय म्हणतात." आत मोबाईल चालत नाही, तो गेटवर ठेवावा लागतो.

मी दोरी कठड्याला बांधली.

हे मी केलं. माझ्या हातांनी गाठ मारली. आत वाकून ओरडले, "दादा, आलेच." तो म्हणाला, "व्हय."

गेटवर फोन घेतला. मी म्हणाले, "साहेब, माणूस टाकीत आहे." ते म्हणाले, "अगं, दोन मिनिटं. जेट्टीवर पार्टी उभी आहे. तुला जमतं सगळं." मग क्रेन. मग वडखळच्या पोरांची हेल्मेटं. मग पुन्हा क्रेन. मी उत्तरं देत राहिले. चांगली, नेमकी उत्तरं.

परत आले, हाक मारली. आवाज नाही. दोरी ओढली तर नुसतं वजन. शेजारचे फिटर धावले, आम्ही त्याला वर घेतला. ओठ निळे पडलेले.

मीटिंग संपल्यावर साहेबांनी मला व्हरांड्यात गाठलं. आवाज एकदम मऊ. "नामदेवच्या घरच्यांना सांग, त्यानं मास्क स्वतः काढला. तुझ्याच गावचे आहेत, तुझं ऐकतील. सरकारी तपासणीवाले येतील, त्यांनाही तेच सांग. तुझी चूक मी पोटात घालतो."

मास्क त्याच्या तोंडावर होता. मीच तो सोडवला होता, वर आणल्यावर. पण मी "हो साहेब" म्हणाले. खरंच म्हणाले. चूक झाकली जाणार म्हणून बरं वाटलं. ते बरं वाटणं मला अजून खातंय.

दवाखान्यात नामदेवदादा नळ्यांमध्ये पडला होता. वहिनी बाकावर बसलेली. मला बघून उठली, माझा हात धरला. "गो, तू व्हतीस ना तिथंच? सांग ना, काय झालं?"

साहेबांचं वाक्य ओठापर्यंत आलं होतं. त्या वाक्यात नामदेवदादा मूर्ख होता. मिठागरातला माणूस, त्याला डोकं नाही. सकाळी मला जे बोलले, तेच मी माझ्या तोंडानं त्याला बोलणार होते.

"नाय, वहिनी," मी म्हणाले. "मी नव्हते. दोरी बांधून फोनवर गेले. दादानं काय नाय केलं."

तिनं हात सोडला. शिवी दिली नाही. भिंतीकडे तोंड करून बसली. मी माफी मागितली नाही. मागायचा हक्क नव्हता.

दवाखान्याच्या दारातून साहेबांना फोन लावला. मी म्हणाले, "मास्कचं खोटं मी बोलणार नाही. आणि इथून पुढे एका वेळी एकच काम. माणूस आत असेल तर तुमचा फोन घेणार नाही."

"नोकरी गेली समज," ते म्हणाले.

"समजले."

उद्या तपासणीवाले येणार आहेत. दोरी सोडून मी गेले, हे आधी सांगणार. मला शिक्षा होईल, ती घेईन. मग सांगणार की दोरीवाला जेट्टीवर कुणी पाठवला, आणि माणूस टाकीत आहे हे ऐकून फोन कुणी चालू ठेवला. माझ्या चुकीआड मी साहेबांना लपू देणार नाही.