मेहुण्याच्या घरची कोंबडी

नाव पेनीअमिना, वय एकसष्ट, राहणार सवाइई बेट, डोंगरपायथा. हुद्दा: मानद पक्षिरक्षक. कार्यक्षेत्र: वरचं ढगातलं जंगल. विशेष पात्रता: मानुमेआ हे दुर्मिळ रानकबूतर केवळ आवाजावरून ओळखणारी जिल्ह्यातली एकमेव हयात व्यक्ती.

ही पात्रता त्यानं तरुणपणी बंदुकीनं कमावली होती. लूपे नावाची साधी रानकबुतरं आजही थव्यानं आहेत. मानुमेआ जवळपास संपला. त्याच्या चोचीच्या खालच्या पात्याला दात असतात. भाजल्यावर तेवढाच फरक उरतो.

चार वर्षांत पेनीअमिनानं मानुमेआ सव्वीस वेळा ऐकला. वनखात्याच्या कार्यालयानं सव्वीस वेळा कळवलं, की ध्वनिफितीतला आवाज लूपेचा वाटतो. शेवटच्या पत्रात होतं: जूनअखेर ठोस पुरावा न आल्यास जंगलाचं संरक्षण उठेल. म्हणजे तारो कंदाच्या लागवडीसाठी कुऱ्हाडी वर चढणार.

जूनच्या शेवटच्या रविवारी, प्रार्थनेनंतर, तो आणि बायको सिएनी तिच्या थोरल्या भावाकडे जेवायला गेले. सोलोमोना गावचा मुखिया. शिकारबंदीचा ठराव त्यानंच मांडलेला. ठरावानंतर रविवारचं रानकबूतर बंद झालं नव्हतं. फक्त त्याला कोंबडी म्हणू लागले होते.

"दाजी, कोंबडी घ्या."

"लहानशी दिसते, दादा."

"डोंगरावरची आहे. चढून चढून वाळली."

"अंडी देते, की नुसतीच उडते?"

"अहो, जेवताना नोकरी काढू नका," सिएनी म्हणाली. मुखियाची बायको तोंडाला पदर लावावा तसा हात लावून हसली. पेनीअमिनाही हसला आणि जेवला. शेवटी डोकं चोखायला घेतलं, तेव्हा जिभेला खाचा लागल्या. त्यानं चोच काढून अंगठ्यानं पुसली. दात होते.

"कुठं मिळाली?"

"वरच्या झऱ्यापाशी. अंधारून आलं होतं, लूपेच समजलो."

"ओरडली होती?"

"दोनदा. मला वाटलं, तुम्हीच आवाज काढताय. म्हणून थांबलो जरा."

"मग?"

"मग उडाली. तुम्ही उडत नाही." सोलोमोनाचा आवाज खाली आला. "द्या ते हाड, दाजी. कुत्र्याला टाकतो."

पेनीअमिनानं चोच सदऱ्याच्या खिशात टाकली. वाटेत सिएनी एवढंच म्हणाली, "माझं माहेर एकच आहे."

सोमवारी त्यानं चोच कार्यालयात दिली. पक्षी मारणाऱ्याच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. प्रजातीचं अस्तित्व निर्विवाद सिद्ध झालं असून जंगल आणखी पाच वर्षं राखीव राहील. मानद पक्षिरक्षकाची नेमणूक शिकारीच्या कारणास्तव रद्द. योग्य पात्रतेचा उमेदवार मिळेपर्यंत पद रिक्त. मानुमेआची सध्याची ज्ञात संख्या: किमान एक.

तो एक त्या रविवारी चौघांनी मिळून खाल्ला होता.