दोन मुठी तांदूळ, पावतीसह

देवाच्या वस्तूंची जितकी काळजी आमच्या मंडळीचे खजिनदार घेत, तितकी खुद्द देवानेही कधी घेतली नसेल. ऐंशीच्या सुमाराला वाशी नव्याने वसत होती आणि आमची मराठी ख्रिस्ती मंडळी, जेमतेम चाळीस घरं, दर रविवारी एका शाळेच्या वर्गात चौथीच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन उपासनेला बसत असे. विजेचं बिल मंडळीच्या दानातून जाई, त्यामुळे पाळकसाहेबांनी आशीर्वादासाठी हात वर केले की इकडे खजिनदारांचा हात पंख्याच्या बटणावर. मे महिन्यात पाळकसाहेबांचा आशीर्वाद जरा लांबला, तर आमेन म्हणेपर्यंत सगळी मंडळी घामाने निथळत असे. दानाची पाकिटं ते जुन्या लग्नपत्रिकांची पाकिटं उलटी करून स्वतः चिकटवत. त्यामुळे दान टाकताना आतून ‘सहकुटुंब येण्याचे करावे’ असा आग्रह वाचायला मिळे.

बरं, माणूस कंजूष म्हणावा, तर घरी पार उधळा. त्यांच्या बायकोची नेहमीची तक्रार असे, “मंडळीची काडीपेटी हे कुलपात ठेवतात, अन् घरातलं घड्याळ कुनी मागितलं तर भिंतीवरून काढून देतात.” तसं त्यांनी एकदा खरंच दिलं होतं, आणि पुढे दोन वर्षं त्या घरात वेळ शेजाऱ्यांना विचारत. उपासना संपली की पाच मिनिटांच्या सूचना द्यायला ते उठत आणि त्या सूचना उपदेशापेक्षा लांबत. “देवाला काय कमी हाय?” ते त्यांच्या नगरी बोलीत विचारत. “आपली मूठ आखडू नये म्हणून आपन मागायचं, अन् आपनच द्यायचं.”

त्यांचा खरा जीव होता तो मुठीच्या तांदळांवर. गावाकडच्या मंडळ्यांतली ही जुनी रीत त्यांनी नव्या शहरात आणली होती. भाताला तांदूळ काढले की त्यातली एक मूठ देवाच्या डब्यात टाकायची. शनिवारी दुपारी तुर्भ्याच्या कारखान्यातली स्टोअरकीपरची नोकरी आटोपून ते सायकलवर निघत, घरोघरचा डबा पिशवीत रिकामा करत, ताणकाट्याला लावत आणि वजन टाकून पावती फाडत. आम्ही तेव्हा कोपरखैरणे गावात एका खोलीत भाड्याने राहत होतो. आमची घरमालकीण हे दृश्य कंबरेवर हात ठेवून बघे. “कोन हाय गो ह्यो मानूस?” तिने एकदा माझ्या बायकोला विचारलं. “तांदूळ मागाला येतो, आन् वर चिठी पन देतो?”

मग माझ्या कंपनीला टाळं लागलं. एक महिना गेला, दोन गेले, तिसऱ्या महिन्यात बायकोच्या हातातल्या बांगड्या गेल्या. तिला सातवा महिना होता. वाण्याने उधारी बंद केली, तरी मी कोणाला काही कळू दिलं नाही. हात पसरण्यापेक्षा गाव गाठू, असं मी ठरवून टाकलं होतं. त्या शनिवारी वाटलं, खजिनदार आज तरी आमचं दार टाळतील. कंपनीला टाळं लागल्याचं सगळ्या वाशीला माहीत होतं, त्यांना माहीत नसेल? पण घंटी वाजली, सायकल भिंतीला टेकली आणि नेहमीच्या आवाजात हाक आली, “सलाम, बाई! डबा आना.”

बायकोने डबा आणला. आठवड्याभरात दोनदाच भात शिजला होता, म्हणून आत दोनच मुठी होत्या. त्यांनी त्या पिशवीत ओतल्या, काट्याला लावल्या. काटा हलेना. त्यांनी टिचकी मारली, चष्मा पुसला आणि शेवटी पावतीवर शांतपणे लिहिलं, ‘दोन मुठी’. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. “घरात किती उरलेत ते तरी विचारा!” मी ओरडलो. त्यांनी ऐकून घेतलं, सलाम केला आणि गेले. या माणसाचं तोंड पुन्हा बघायचं नाही, असं म्हणून दुसऱ्या दिवशी मी उपासनेला गेलोच नाही.

रविवारी दुपारी तेच दारात. कॅरियरवर अर्धं पोतं तांदूळ, सदरा घामाने चिंब.

“मंडळीचे हायेत,” ते म्हणाले. “चूल अडलेल्या घरी द्यायचे, असा ठराव हाय.”

“नकोत. आम्ही भिकारी नाही.”

ते उंबऱ्यावरच बसले. “म्हनून तर काल घेतले ना राव तुमच्याकडून. काल तुमचं दार टाळलं असतं, तर आज कोन्या तोंडानं आलो असतो? ह्या पोत्यात तुमच्या बी दोन मुठी हायेत. समद्यांचं एका जागी हाय, त्यातलं तुमी नेताय. ह्यात भीक कुठं आली?”

मी पोतं आत ओढलं, तेवढ्यात त्यांनी वही पुढे केली. “इथं सही करा. अन् पोतं रिकामं झालं की परत द्या, ते मंडळीचं हाय.” त्या रात्री आम्ही चाळीस घरांचा तांदूळ शिजवला. आंबेमोहोर, उकडा, रेशनचा, सगळं एकत्र. काही शितं गाळ झाली, काही कच्ची राहिली. बायको रडत होती आणि जेवत होती. मीही.

आम्ही गावी गेलो नाही. टाळं उघडेपर्यंत ते दर शनिवारी आमच्या मुठी घेत राहिले, आणि दोनदा त्यांनी पोतं आणून टाकलं. पुढे निवृत्त होऊन ते नगरकडे गेले आणि तिथेच वारले. त्यांचे आभार मानायचे राहिले ते राहिलेच. आता मी मंडळीच्या कमिटीवर आहे. कधी कोणी कळवळून म्हणतं, “त्या घरी यंदा मागायला जायला नको, बिचारे फार अडचणीत आहेत.” तेव्हा मी म्हणतो, “आधी त्यांच्याचकडे जा.” सगळे माझ्याकडे दगडाच्या काळजाचा माणूस म्हणून बघतात. त्यांना समजावून सांगायला आता खजिनदार नाहीत, म्हणून मी नुसतं पावतीपुस्तक पुढे सरकवतो.