भूल उतरताना धरलेला हात

मी अहमदपूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. भूतखेत, अंगात येणं... वर्गात मी याची टिंगलच करत आले. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय.

मागच्या वर्षी नांदेडला माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. शुगर बऱ्याच वर्षांची आहे. मी यांची दुसरी बायको. पहिली, सुमन, आजारपणात गेली. पण घरात अजून राज्य तिचंच — सुमनची भाकरी, सुमनचं हसणं, सुमन असती तर! गेलेल्या बाईशी भांडताही येत नाही हो...

तर, ऑपरेशन संपलं. घशातली नळी काढलेली कळली. शुद्ध आली होती, पण पापणी हलेना. छाती उचलेना. ओरडायचं होतं, जीभ जागची हलेना. संपलं सगळं, असंच वाटलं.

तेवढ्यात कुणीतरी माझा हात धरला. हातभर बांगड्या घातलेल्या बाईचा हात. कानाशी आवाज आला — "हेदरब्याड... हेदरब्याड." मग तोंडावर मास्क बसला, हवा आत शिरली.

भूल देणारे डॉक्टर संध्याकाळी भेटायला आले. म्हणाले, "स्नायू सैल करायच्या औषधाचा असर उतरायला वेळ लागला. शुगरच्या पेशंटमध्ये कधी कधी होतं तसं. मास्कनं श्वास दिला, सावरलात."

"माझा हात कोणत्या सिस्टरनं धरला होता?"

"सिस्टर बाहेर होत्या. आणि थिएटरमध्ये बांगड्या चालतच नाहीत, मॅडम."

ते गेल्यावर मी यांना सहज विचारलं, "हेदरब्याड म्हंजे काय वो?"

हे चहा ओतत होते. हात थांबला.

"कुठं ऐकलंस तू?"

मी सांगितलं. यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "कन्नड हाय. म्हंजे घाबरू नको. सुमन उदगीरकडची, माहेरी कन्नडच बोलायचे. शेवटी दवाखान्यात मलाच धीर देत होती... ह्याच शब्दानं."

मी तेलंगणाकडच्या इस्लापूरची. मला कन्नडचं अक्षर येत नाही. अर्धवट गुंगीत मेंदू काहीही ऐकवतो, हे मीही वाचलंय. पण हाच शब्द कुठून आला?

यांचे डोळे भरून आले होते. "अजून काय म्हणली ती? माझं काई विचारलं का?"

"न्हाई," मी म्हणाले.

विचारलं होतं. "हे येळेवर जेवत्यात का?" — माझा हात सोडता सोडता, अगदी हळू. यांना मी अजून सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.