अळणी आमटी

काल भाचीच्या साखरपुड्याला आचाऱ्याचा उपास होता, म्हणून त्याने वाटीत आमटी घालून आम्हा चौघांना चाखायला दिली. पहिली वाटी अर्थातच थोरल्या भावोजींना. ते म्हणाले, "झकास!" मग दुसऱ्यालाही झकास लागली, तिसऱ्यालाही. चौथा मी. आमटीत मिठाचा कणही नव्हता.

असा वैताग आला! गुप्तवार्ता खात्यात नोकरीभर मी याच चवीचे अहवाल वाचले. आलेल्या बातम्यांचा अर्थ लावायला तिथे चार माणसं बसवली होती, ती प्रत्येकाने आपल्या डोक्याने विचार करावा म्हणून. पण बैठकीत आधी साहेबच बोलायचे, "मला नाही वाटत सीमेवर काही होईल." संपलं! संध्याकाळी चारही टिपणांत तेच, आणि वर शेरा, 'चौघांचाही दुजोरा'. अहो, दुजोरा कसला डोंबलाचा? वाट्या चार, जीभ एकच! एकदा एका सहकारी बाईंनी हल्ला होईल असं लिहिलं, तर साहेब म्हणाले, "तुम्हाला एकटीलाच बरा दिसतो हल्ला?" बाईंनी टिपण मागे घेतलं. हल्ला झाला. चौकीवरची माणसं गेली. चौघांपैकी एकालाही कुणी जाब विचारला नाही, कारण सगळ्यांचं एकमत होतं.

"काका, कशी झालीय?" आचाऱ्याने विचारलं. भावोजी माझ्याकडेच बघत होते.

"झकास," मी म्हणालो.

पंगत बसली, तेव्हा पानातलं मीठ आमटीत कालवणारे पहिले भावोजीच होते.