डाव्या हाताचा कप्तान

माझ्या धाकट्या भावाला सगळे कप्तान म्हणतात. मीही म्हणते, पण दातओठ खाऊन. कॉम्प्युटरच्या पडद्यावर गोळ्या घालायच्या खेळात त्याच्या पाच जणांच्या टीमनं लागोपाठ दोन वर्षं मोठा कप मारला. मी हॉस्पिटलात प्लास्टर घालते. तो हाडं मोडतो, मी जोडते. चांगलं चाललंय आमचं.

कप्तानाचा नेम तसा यथातथाच. त्याचं काम बोलायचं: कुणी कुठून घुसायचं, कुणी धूर टाकायचा, कुणी आधी मरायचं. आणि हरलं की टीममधल्याच पोरांवर हात उचलायचा. तोही डावा! उजवा माऊसवर लागतो ना, तो जपायचा. टीमचा नियमच होता तो: थोबाड फोडायचं तर डाव्या हातानं. खेळात चालायची कीबोर्डवरची बटणं डाव्याच हाताखाली असतात, हे या दीडशहाण्यांच्या डोक्यात कधी आलं नाही.

तिसऱ्या फायनलला मी स्टेजमागच्या त्यांच्या खोलीत होते. तीन डावांतला पहिला जिंकला, दुसरा हातचा गेला. टीममध्ये लांबून टिपणारा एक पोरगा होता, उंच, अबोल; सगळे त्याला बगळा म्हणायचे. समोर आलेला सोपा माणूस त्याच्याकडून सुटला. मधल्या सुट्टीत दार लागलं आणि कप्तानानं त्याच्या तोंडावर ठोसा घातला. बगळा खुर्चीसकट आडवा. हा छातीवर बसला, दुसरा हाणला, तिसरा हाणला. रक्त भिंतीवर उडालं. बाकीचे तिघं आपापले बूट बघत उभे. सवय होती मेल्यांना. मी केस धरून ओढलं तेव्हा कुठे थांबला. बगळ्यानं तळहातावर दात थुंकला. कप्तान आपला डावा हात बघत होता. करंगळीमागचं हाड आत गेलं होतं.

"ताई, बांध. घट्ट."

"मेलास तरी बांधणार नाही," म्हणाले, आणि बांधला.

तिसऱ्या डावात कप्तानाला बटणं दाबून खेळात धड चालता येईना. मग दर फेरीत हाच सगळ्यांच्या आधी दारातून आत शिरायचा, गोळ्या खाऊन पडायचा आणि मेल्यावर ओरडायचा, "खिडकीत एक, पिंपामागे दोन. फाडा!" बगळा तोंडातलं रक्त गिळत टिपत होता. शेवटच्या फेरीत तो एकटा उरला, समोर तिघं. तिघांचीही डोकी उडवली त्यानं. अख्खं सभागृह नाचलं. मीही नाचले, खोटं कशाला बोलू?

मग दोघांना घेऊन मी प्लास्टरच्या खोलीत आले. स्पर्धेच्या डॉक्टरांना माझ्या सहीचा इजेचा कागद हवा होता. खेळाडूनं खेळाडूला मारलं तर जन्माची बंदी. 'कशानं लागलं' या रकान्यात या टीमच्या पोरांसाठी मी आजवर अकरा वेळा 'पडला' लिहिलेलं.

"दारात हात सापडला लिही," कप्तान म्हणाला. "ताई, मला दुसरं काय येतं? बंदी आली तर संपलोच मी."

खरंच दुसरं काही येत नाही त्याला. मी 'दा' लिहिलाही.

तेवढ्यात कप्तानानं नाक खाजवायला ओल्या प्लास्टरचा हात उचलला. बाकावर बसलेल्या बगळ्यानं दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं. तासाभरापूर्वी कप जिंकून दिलेला माणूस!

मी 'दा' खोडला. लिहिलं, 'सोबत्याला मारताना.' सही केली, शिक्का मारला.

"ताई, मी तुझा भाऊ ना गं?"

"हो रे. म्हणूनच अकरा वेळा खोटं लिहिलं."