साडूंचा स्पॅनिश आहेर

सन २००४. मी तेव्हा सदुसष्ट वर्षांचा होतो, आणि जुन्नर-आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत मिळून माझ्या साडूंइतका डोकं खाणारा माणूस दुसरा नव्हता, हे मी कुठल्याही देवळाच्या पायरीवर उभा राहून सांगेन. मी अवसरीचा शिंपी, शाळा दुसरीपर्यंत. ते पिंपरी पेंढारचे बागाईतदार, शाळा माझ्याहून एक इयत्ता जास्त, आणि त्या एका इयत्तेचा तोरा जन्मभर.

त्यांची लेक नोकरीला स्पेनला गेली आणि तिथल्याच मुलाशी लग्न करून बसली. लग्न तिकडंच, कचेरीत. साडूंनी वर्षभर तिच्याशी बोलणं टाकलं. मग नवरा आणि सासूसासरे यांना घेऊन ती दिवाळीला येणार असं कळलं, तशी या गृहस्थांनी घोषणाच केली, "ऱ्हायलेला आहेर मी करणार. अन् एकेक कापडाचं नाव त्यांच्या भाषंत घेऊन करणार." मी म्हटलं, "अवो, पोरगी सांगंल की समजावून." तर म्हणाले, "साडूभाऊ, तिच्या तोंडून बोललो तर आहेर तिचा झाला. माझा कुठं ऱ्हायला?"

तिथून माझे हाल सुरू झाले. लेक दर रविवारी फोनवर शब्द सांगायची, आणि सोमवारी हे एसटी धरून माझ्या दुकानात हजर. सदऱ्याला कामिसा, पाटलोणीला पान्तालोन, टोपीला गोर्रा. मशीनवर जे असेल त्याला बोट लावून नाव घ्यायचं. समोर गिऱ्हाईक असलं की आवाज चढा. त्यात त्या भाषेच्या व्याकरणात सदरा म्हणे बाई आणि बाईचा झगा पुरुष! "असं कसं?" म्हटलं, तर, "शिवता तुमी, अन् मलाच इचारता?" लेण्याद्रीच्या पायऱ्या चढताना मला धाप लागलेली, आणि हे वरून उतरणाऱ्या एका परक्या माणसाच्या मोज्यांकडे बोट करून ओरडले, "काल्सेतिनेस!" पायाशी साप आला की काय म्हणून त्या बिचाऱ्यानं उडीच मारली. जुन्नरला कापडदुकानात शेठना म्हणाले, "एक भारीतली कामिसा काढा." शेठ शांतपणे म्हणाले, "भाऊ, त्या मिलचा माल आपण ठेवत नाय." साडू रागावले, पण शेठवर नाही. माझ्यावर. मी हसलो म्हणून.

पाहुणे आले. अंगणात पाट मांडले, सगळी आळी जमली. साडूंनी व्याह्यांना टिळा लावला, खांद्यावर टॉवेल टाकला. "तोआया." डोक्यावर टोपी ठेवली. "गोर्रा." व्याही खुशीत मान डोलवत होते. मग साडूंनी छाती काढून त्यांच्या हातात शर्टपीस दिला. "कामिसा!"

आता आमच्याकडे आहेर म्हणजे बिनशिवलेलं कापडच. ज्यानं त्यानं आपल्या मापानं शिवून घ्यावं. व्याह्यांनी घडी उलगडली. बाह्या शोधल्या, कॉलर शोधली, उलटंपालटं करून पाहिलं, आणि शेवटी मोठ्या अदबीनं ते कापड गळ्याभोवती गुंडाळून बसले.

आळी हसून लोळायला लागली. कोणी तरी ओरडलं, "पावण्यांला थंडी वाजतीया, राव!" लेक समजावायला उठली, तिला साडूंनी हातानंच बसवलं. त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. हळूच मला म्हणाले, "चुकीचं बोललो का वो मी?"

"शब्द बराबर व्हता," मी म्हटलं. "कापडच अजून तिथवर पोचलं न्हाई."

माझं म्हणणं त्यांनी मान हलवून कबूल केलं. आयुष्यात पहिल्यांदाच.

साडूंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. ज्याच्यावर चिडावं असं माणूस पुन्हा भेटलं नाही. त्या वेळी पाहुणे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निघणार होते. सकाळी चहाच्या आधीच मी मेहुणीच्या मशीनला तेल घातलं, गळ्यात टेप अडकवली आणि व्याह्यांच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो. ते गोंधळून बघत राहिले. मागून साडू अगदी हळू म्हणाले, "कामिसा." व्याह्यांनी आपणहून दोन्ही हात उचलले, आणि मी त्यांच्या छातीला टेप लावली.