‘पूर्वी’ लिहिलेली पाटी

सरांनी माझ्या गळ्यात पाटी अडकवली. पुठ्ठ्याची, सुतळी ओवलेली. तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘पूर्वी’. शेजारच्या टेबलावर मशीन होतं. त्याच्यापुढच्या पाटीवर लिहिलं होतं, ‘आता’.

सरांना वाटलं मला वाचता येत नाही. मी चौथी पास आहे.

नागपूरचं मोठं सभागृह होतं. शाळाशाळांची पोरं आपापले रोबोट घेऊन स्पर्धेला आली होती. माझी नात प्रज्ञा मारेगावला नववीत, सर तिच्याच शाळेचे. तिच्या टीमनं कापूस वेचणारा लोखंडी हात बनवला होता. पोत्यांत माती भरून वावरातल्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची झाडं, बोंडांसकट उभ्या केल्या होत्या. मला सांगितलं होतं, मशीनला वेचणी दाखवायला चल. पाटीचं कोणी बोललं नव्हतं.

सर कानाशी आले. “आजी, तू हळूहळू वेच. मधेमधे कंबर धर. कण्हली तरी चालते. लोकायले फरक दिसला पाह्यजे.”

नात मला तू म्हणते. सरांनी म्हटलं की लागतं.

मी म्हटलं, “माही कंबर दुखत नाही.”

“मग दुखते असं कर. तुह्या नातीचंच भलं आहे. टीममधे घुसायले पोरं रांगेत हायेत.”

दुसऱ्या शाळेची एक पोरगी मोबाइल घेऊन आली. “आजी, थोडं वाका ना. फोटोत गरीब दिसत नाही तुम्ही.” तिच्या मैत्रिणी हसल्या. आमचे सरही हसले. प्रज्ञा मशीनच्या वायरी बघत राहिली. तिनं मान वर केली नाही.

मला आमचे गुरुजी आठवले. चौथीचा निकाल लागला तेव्हा माझा बाप मला घेऊन शाळेत गेला होता, पुढच्या शाळेचं विचारायला. गुरुजींनी माझा हात धरला नाही. छडीच्या टोकानं तो उलटा केला आणि म्हणाले, “हे हात वेचायचे आहेत. लिहायचे नाहीत.” बाप हो म्हणाला. मीही गप्प बसले. तेव्हापासून वेचते आहे.

शिट्टी वाजली.

मी पाटी पाठीवर टाकली, कारण ती मधे येत होती. कापूस टाकायची ओटी कमरेला कसली आणि दोन्ही हातांनी वेचायला लागले. वावरात वेचते तशी. पोत्यातल्या एवढ्याशा पऱ्हाट्यांना मला कितीसा वेळ लागणार? मशीन एका बोंडावर थांबायचं, कॅमेऱ्याचा डोळा फिरवायचं, पकडायचं, ओढायचं. कापसाबरोबर वाळलेला पालाही ओढायचं. त्याची एक पऱ्हाटी झाली नव्हती तेव्हा माझी ओळ संपली होती. मी कंबर धरली नाही.

परीक्षक बाई जवळ आल्या. माझ्या कमरेला एका बाजूला छोटी गाठोडी होती. त्यांनी विचारलं, “आजी, यात काय वेगळं ठेवलंत?”

“कवडी.”

त्यांना कळलं नाही. मी गाठोडी सोडून दाखवली. गुलाबी अळीनं खाल्लेल्या बोंडातला पिवळा, चिकटलेला कापूस. अळी आल्यापासून आमच्याकडच्या सगळ्या बाया तो वेगळा बांधतात. पांढऱ्यात मिसळला तर व्यापारी अख्ख्या ढिगात हात घालतो, तेवढाच वर काढतो आणि सगळ्याचा भाव पाडतो. बाईंनी मशीनची टोपली पाहिली. त्यात पांढरं, पिवळं, पाला, सगळं एकत्र होतं.

“मशीनला हे ओळखता येत नाही?” त्यांनी सरांना विचारलं.

सर म्हणाले, “पुढच्या वर्षी करू.”

टीम पहिल्या फेरीतच बाहेर पडली.

परतीच्या गाडीत सरांनी मला मागे बसवलं, मशीनच्या खोक्यांजवळ. घरी आल्यावर प्रज्ञा बोलली.

“आजी, तू मले पाडलं.”

“तुले नाही पाडलं.”

“हळू वेचली असती तर काय झालं असतं? दहा मिनिटाचं काम होतं.”

“तू पाटी वाचली होती का?”

ती म्हणाली, “म्याच लिहिली. सरांनी सांगितलं.”

हे मला पाटीपेक्षा जास्त लागलं. मी तिला जवळ घेतलं नाही. भाकरी वाढली आणि बाहेर जाऊन बसले. सोमवारी सरांनी तिला टीममधून काढलं.

पंधरा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मग एका रविवारी माझ्यामागे वावरात आली. ओटी बांधली. तासभर वेचून तिची बोटं रक्ताळली. बोंडाच्या वाळल्या पाकळ्या सुयांसारख्या टोचतात.

“आजी, तू तर पाहतही नाही. कवडी कशी समजते तुले?”

“बोटाले समजते. पांढरा कापूस दाबला का फुलून येते. कवडी दाबली का दबूनच राहते. तुमच्या मशीनले डोळा हाये, बोट कुठं हाये?”

तिनं माझा हात धरला. कोणतं बोट आधी लागतं, अंगठा किती दाबतो, सगळं वहीत लिहिलं. मशीनच्या बोटाला लावायची, दाब ओळखणारी पट्टी असते म्हणे. टीमच्या मैत्रिणींना तिनं ते सांगितलं. त्यांनी सरांना सांगितलं. पुढच्या वर्षीची स्पर्धा जवळ आली तेव्हा सर आमच्या घरी आले.

अंगणातच उभे राहिले. मी पाणी आणलं. “आत्ताच प्यालो,” म्हणाले. आमच्या वस्तीत त्यांना कधीच तहान लागत नाही.

“प्रज्ञाले परत घेतो. तुम्हीही चला. पाटी नाही लावत.” त्या दिवशी मी तुम्ही झाले होते.

मी म्हटलं, “खुर्ची पाह्यजे. टेबलाच्या मागं, पोरायच्या बाजूनं.”

“तिथं टीम बसते, आजी. नियम असते.”

“मग कवडी तुम्हीच शिकवा मशीनले.”

ते प्रज्ञाकडे बघायला लागले. ती म्हणाली, “खुर्ची नाही तर मीपण नाही, सर.”

नागपूरला खुर्ची मिळाली. प्लास्टिकची, कोपऱ्यात, टेबलापासून दूर ठेवलेली. मी ती ओढत टेबलामागे आणली. एवढा आवाज झाला की बाजूचे लोक वळले. परीक्षक वेगळे होते. त्यांनी विचारलं, “या कोण?” सर म्हणाले, “ह्या आमच्या एका मुलीच्या आजी.”

मी म्हटलं, “या लोखंडी हाताले कवडी ओळखायले म्या शिकवलं. ते विचारा.”

त्यांनी विचारलं. मी सांगितलं. नंबर आला नाही. मशीन अजूनही माझ्यापेक्षा हळू वेचतं.

पण ते शिकेल. मला माहीत आहे. एक दिवस मोठं होऊन वावरात उतरेल आणि लोक आम्हा बायांना सांगतील, आता घरी बसा. त्याच्या बोटात आमची बोटं आहेत हे तेव्हा कोणी बोलणार नाही. मी बोलीन. वावराच्या मधोमध उभी राहीन आणि मशीन माझ्या अंगावर आलं तरी हलणार नाही. म्हणीन, ज्यांनी त्याला शिकवलं त्यांचा वाटा आधी ठरवा, मग चालवा.

ती पाटी मी फाडली नाही. चुलीवरच्या फळीवर ठेवली आहे. माझ्या गळ्यात ती पुन्हा कोणी घालणार नाही. प्रज्ञाच्या हातानं पुन्हा कोणी ती लिहून घेणार नाही. आणि मला हळू वेच म्हणायला कोणी आलं, तर त्यानं आधी ओटी बांधावी आणि माझ्या शेजारची ओळ धरावी.